बिनमांसाचे पाच पदार्थ आणि एक हंडी सारपतेल

नाही, पण मी म्हणते, सांगायला काय झालं होतं? एवढंच तर वाक्य आहे, 'रोशनी, या शुक्रवारी मांस चालतं.' संपलं! इतकं बोलायला काय कोणाची जीभ झिजणार होती? पण नाही. आमच्याकडे मोठी माणसं सगळं बोलतील, कोणाच्या लग्नात कोणाचा सूट ढगळ होता ते बोलतील, पण कामाचं वाक्य मात्र...

हो हो फादर, पदार्थ सांगते. त्यासाठीच माइकवर उभी आहे. शुक्रवारसाठी बिनमांसाचे पाच पदार्थ, तरुण गटातर्फे, विषय पाठ आहे मला. फक्त आज झावळ्यांचा रविवार, उपवासकाळ संपत आला, शुक्रवार उरलाय एक, तोही गुड फ्रायडे, म्हणजे ज्या दिवशी निम्मी मंडळी जेवतच नाहीत, आणि आपल्याला शुक्रवारी काय शिजवावं ते सुचवायला आज मुहूर्त मिळालाय. का? तर आधीचे सगळे रविवार हॉल गायनमंडळाला दिला होता. असू दे. मी काही बोलत नाही. मी हल्ली बोलणं कमीच केलंय.

हसताय कशाला?

तर पहिला पदार्थ, वालाचं बिरडं. वाल आपल्या पनवेलचे, भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, आणि सोलायला घरातल्या ज्या माणसाला काही काम नाही त्याला बसवायचं. आमच्याकडे पप्पा. ते बघा, तिसऱ्या रांगेत, खांबाच्या मागे. कांदा परतायचा, बॉटल मसाला घालायचा, म्हणजे बियरच्या बाटलीत ठासून भरलेला आपला तो लाल मसाला, तुम्हाला काय सांगायचं, वरून ओलं खोबरं, आमसूल, झालं. यात मांस नाही. मासळी नाही. मासळी का नाही, तर ते आधी सांगते, कारण सगळं रामायण... आपलं, सगळं महाभारत तिथूनच सुरू झालं. फादर, म्हण आहे ती, माफ करा.

मला एक सांगा, शुक्रवारी मांस नको म्हणजे काय? त्याग! आणि आपण काय करतो? पापलेट आणतो! राखेच्या बुधवारी कपाळावर राख, आणि ताटात तळलेली सुरमई! उरण नाक्याच्या मच्छी मार्केटात शांतीमावशी बसते ना, मोऱ्याहून येते ती, तिला आपला उपवासकाळ आपल्यापेक्षा चांगला कळतो. शुक्रवारी मला लांबूनच बघून ओरडते, "बाय, आज तुमचा उपास ना? ये, सरंगा ठेवलाय तुझे आत्येला!" आणि मग खोचकपणे, "आमचा उपास साबुदाण्याचा. तुमचाच उपास बरा वो. मना घ्या तुमच्यात!" आता मी काय, मान खाली घालून सरंगा घ्यायचा?

म्हणून यंदा मी घरात जाहीर केलं. शुक्रवारी मांस नाही, मासे नाहीत, सुकट नाही, जवळा नाही, अंड्याचं टरफलसुद्धा नाही. शुक्रवारचा स्वयंपाक मी करणार. मम्मी नर्स आहे, तिला शुक्रवारी सकाळची ड्युटी, ती म्हणाली कर बाई. पप्पा काही म्हणाले नाहीत, पप्पा कधीच काही म्हणत नाहीत. आणि आपोलीनआत्या... आत्या, हात खाली कर. तुझा प्रश्न शेवटी घेईन. ही आमची आत्या, पप्पांची थोरली बहीण, पहिल्याच रांगेत बसलीय, आणि मी सुरुवात केल्यापासून हात वर करून आहे. तर आत्या तेव्हा म्हणाली होती, "आगो पन रोशनी, मासली तं चालते, फादर पन खातान—" मी म्हटलं, आत्या, चालते आणि पाहिजे यात फरक आहे. विषय संपला.

बरोबर होतं की नाही माझं? टाळ्या नकोत, नुसती मान हलवा. ...कोणीच नाही. ठीक आहे.

दुसरा पदार्थ, कुयरीची भाजी, म्हणजे कच्चा फणस. हाताला तेल लावून चिरायचा, नाहीतर चीक रविवारपर्यंत निघत नाही, हे बघा माझं बोट. मीठ घालून वाफवायचा, आणि लसूण, आलं, मसाला, अगदी मटणासारखा रस्सा करायचा. लोक म्हणतात, फणस मटणासारखा लागतो. शुक्रवारी मी केला, फादरनी खाल्ला, आणि फादर काय म्हणाले माहीत आहे? "छान आहे. फणसासारखा लागतो."

फादर शुक्रवारी आमच्याकडे का जेवले? बरोबर. तिथेच येतेय.

परवाचा शुक्रवार, एकोणीस मार्च. मी ऑफिसला सुट्टी टाकली. न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात आहे मी, तिथे सुट्टी मागणं म्हणजे साहेबांची किडनी मागणं. साहेब विचारतात, "घरी कोणी आजारी आहे का?" मी म्हटलं, नाही, बिरडं करायचंय. कारण आजचं हे भाषण! पाचही पदार्थ एकदा करून बघायचे, मगच लोकांना सांगायचे, अशी माझी तत्त्वं.

आता आदल्या तीन दिवसांत घरात काय चाललं होतं, ते मला माहीत असायला हवं होतं की नाही? मी सकाळी आठला घर सोडते, रात्री आठला येते, ट्रेलरच्या रांगेत अडकले तर नऊ. बुधवारी घरात शिरले तर व्हिनेगरचा वास. म्हटलं, आत्या लोणचं घालत असेल, मंगळवारी कुवेतला निघालीय, नेल्सनसाठी. नेल्सन तिचा मुलगा. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, ईस्टरपर्यंत थांबायला वेळ नाही, म्हणून या मंगळवारचं विमान. मी आत डोकावले, तर आत्या म्हणाली, "आगो ये ना, बघ तरी कसा करतान, मंग मी नसले तं—" मी म्हटलं, आत्या, दमलेय गं, सगळं यूट्यूबवर असतं.

गुरुवारी परत. "रोशनी, उद्याला तं जोसूचा—" जोसू म्हणजे पप्पा, जोसेफ. मी म्हटलं, उद्या शुक्रवार, स्वयंपाक माझा, कोणाचंही काहीही असू दे. विषय संपला.

मी विषय संपवला, मान्य. पण विषय संपला म्हणून माणसानं गप्प बसायचं? ओरडून सांगायचं! हात धरून सांगायचं! चिठ्ठी चिकटवायची फ्रीजवर! सांगायला काय झालं होतं?

तर शुक्रवारी सकाळी आत्या आणि पप्पा चर्चमध्ये मिस्सेला गेलेले, मम्मी ड्युटीवर, मी स्वयंपाकघरात शिरते, ओट्यावर मातीची हंडी. झाकण उघडलं. आणि तुम्हाला सांगते... सारपतेल. डुकराचं मटण, काळीज, नखाएवढे बारीक बारीक तुकडे, स्वतःच्याच चरबीत परतलेले, लालबुंद, वर तेल तरंगतंय, तीन दिवस रोज एक कढ देऊन मुरवलेलं. तो वास! माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं ना, आणि जितकं सुटलं तितका राग आला. म्हटलं, बघा! ही आपली मोठी माणसं! आपल्याला लहानपणी शुक्रवारी सॉसेजकडे नुसतं बघितलं तरी चिमटा काढायचे, आणि आता स्वतः क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेच्या दिवशी, उपवासकाळातल्या शुक्रवारी, भरदिवसा, ओट्यावर, सारपतेल!

आणि मी काय केलं? फ्रीजमध्ये ठेवलं? तसं साधं सोपं काही मला सुचेल? मी हंडी उचलली, बरोबर पाव घेतले, आणि खाली गेले. आमच्या बिल्डिंगसमोर पाइपासाठी खणतायत, दोन महिने झाले, पाइप अजून आलेला नाही, खड्डा मात्र सुंदर आहे. तिथे अंकुश, त्याची बायको माधुरी आणि त्यांची मंडळी वाडीवरून कामाला येतात. मी म्हटलं, अंकुशदादा, डुकराचं चालतं का? तो म्हणाला, "चालतं का? ताई, पळतं!"

वर आले. हात धुतले. इतकं पवित्र वाटत होतं मला, की मी गाणं म्हणत फणस चिरला.

...थांबा, विमान जाऊ दे. उलव्याला विमानतळ झाल्यापासून एक वाक्य सलग बोलता येत नाही या हॉलमध्ये. काय आत्या? नाही, हे तुझं विमान नाही, तुझं मंगळवारी. हात खाली.

दुपारी बेल वाजते. दार उघडते तर आत्या, नवं लुगडं, कानात सोन्याची कर्णफुलं, मागे पप्पा, इस्त्रीचा शर्ट, त्यांच्या मागे फादर. फादरनी दारातच डोळे मिटून मोठा श्वास घेतला. परत घेतला. म्हणाले, "आपोलीनबाई, वास नाही येत?" आत्या म्हणाली, "झाकून ठेवलाय ना फादर." आणि ती आत गेली.

 मग भांड्यांचा आवाज. एक कपाट उघडलं. बंद झालं. दुसरं उघडलं. मी बाहेर फादरना पाणी देतेय, अगदी ताठ मानेनं, आणि म्हणतेय, फादर, मीच दिलं ते वाटून, उपवासकाळातला शुक्रवार आहे, घरात कोणीतरी नियम पाळायला नको का? फादरनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. इतका हळू, की मला तेव्हाच कळायला हवं होतं. म्हणाले, "रोशनी, आज संत जोसेफचा सण. चर्चचा मोठा सण शुक्रवारी आला, की त्या दिवशी मांसाची बंदी नसते."

मी म्हटलं, कोणी सांगितलं?

"चर्चने."

कधी?

"मागच्या रविवारी वेदीवरून सांगितलं मी. तू तेव्हा बाहेर होतीस, आवारात. गायनमंडळाच्या रंजिताशी कीबोर्डवरून भांडत होतीस. तुझा आवाज आत येत होता, म्हणून मी ते दोनदा सांगितलं."

आता बोला! सगळ्या पनवेलला माहीत, शांतीमावशीलासुद्धा माहीत असणार, "आज नको मासली, आज तुमचा मटणाचा शुक्रवार," असं म्हणाली असती ती, पण मी त्या दिवशी मार्केटलाच गेले नाही, कारण मासे बंद! म्हणजे ज्या एका शुक्रवारी मांस चालत होतं, नेमक्या त्याच शुक्रवारी आमच्या घरात बिरडं, फणस, शेवग्याच्या शेंगा... हो, तो तिसरा पदार्थ. शेंगा, कैरीच्या फोडी, नारळाचं दूध, हिरवी मिरची, कैरी शेवटी घाला नाहीतर दूध फाटतं. माझं फाटलं. आणि चौथा पदार्थ... चौथा सांगू की नको? सोयाचं सारपतेल. हो. आहे तसा प्रकार. सोयाचे गोळे भिजवून, पिळून, बारीक चिरून, व्हिनेगर, मसाला. यूट्यूबवर त्या बाईनं डोळे मिटून चाखलं होतं. मी ते पप्पांच्या नावाच्या संताच्या सणाच्या दिवशी, फादरच्या ताटात, आत्याच्या डोळ्यांसमोर वाढलं. आत्यानं एक घास घेतला. ती एवढंच म्हणाली, "मऊ झालाय."

मी धावत खाली गेले, चपला न घालता. हंडी पावानं पुसून चकचकीत. अंकुशदादा झाडाखाली आडवा. "ताई, असला आमी कंदी नाय खाल्ला. आमचे माधुरीनं तं बोटा चाटली. परत कंदी?"

परत कधी! तेच तर! परत कधीच नाही ना!

म्हणजे तुम्हाला अजून कळलं नाही का, की ते सारपतेल तिनं याच शुक्रवारी का केलं? ईस्टरला ती इथे नाही. दर वर्षी संत जोसेफच्या सणाला ती धाकट्या भावासाठी सारपतेल करते, आजी गेली त्या वर्षापासून, एक वर्ष चुकलं नाही. हातांना आता सांधेदुखी, सुरी धरवत नाही, म्हणून पहिला अख्खा दिवस, थोडं थोडं, बसून बसून कापलं. आणि गेली की कधी परत येईल कोणाला माहीत, नातवंड होणार, नेल्सन सोडणार आहे थोडीच? आणि कुवेतमध्ये डुकराला बंदी! म्हणजे तिकडे डुक्कर मिळणार नाही, आणि इकडे आत्या मिळणार नाही. ते शेवटचं होतं. आणि माझ्याशिवाय घरात सगळ्यांना माहीत होतं की ते शेवटचं आहे. मम्मीला माहीत, पप्पांना माहीत, फादरना माहीत. सांगायला काय झालं होतं?

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी तयार होते. मी वाद घालू शकते, तुम्ही बघितलंय. पण तिनं ती रिकामी हंडी माझ्या हातातून घेतली, नाकाशी धरून एकदा वास घेतला, आणि धुवून पालथी घातली. "असूं दे. कुनाचे तरी पोटातच गेला ना. मातीत तं नाय गेला."  मी पहिल्यांदा काही बोलले नाही. मम्मी म्हणते, पहिल्यांदा नाही, एकदाच.

आणि पप्पा! स्वतःचा सण, वर्षभर वाट बघितलेली, आणि एक शब्द नाही! संध्याकाळी मी त्यांना वाढायला गेले, तर म्हणाले, "भूक नाही." चेहरा इतका शांत, मला रडूच आलं. म्हटलं, माणूस आतून तुटला की असा होतो. उरलेले पाव शोधले, तर तेही गायब. विचारलं, तर म्हणतात, "पक्ष्यांना घातले." पप्पा! ज्यांनी जन्मात कबुतराला चप्पल फेकण्यापलीकडे काही घातलं नाही! दुःखानं माणूस किती हळवा होतो बघा.

काल शनिवारी मी आत्यासमोर बसले. म्हटलं, आत्या, सांग, मी लिहून घेते, मी शिकते, पुढच्या वर्षी पप्पांना मी करून घालीन. ती म्हणाली, "पयला मटण उकलवाचा, निम्मा—" मी म्हटलं, निम्मा म्हणजे किती मिनिटं? ती म्हणाली, "आगो, निम्मा म्हंजे निम्मा. मंग मसाला, आपला हाताचे अंदाजान—" मी म्हटलं, कोणाच्या हाताच्या? तुझा हात केवढा, माझा केवढा! चमचे सांग! ती म्हणाली, "व्हिनेगर घातला का मंग थांबाचा—" किती थांबायचं? "वास सांगतो." वास कसा सांगेल, आत्या? वासाला तोंड आहे का? मग ती म्हणाली, "तीन दिस मी तुला हाका मारल्या." आणि बॅग भरायला उठली.

तीन दिवस. मला हाका ऐकू आल्या होत्या. मी काय म्हणाले होते? यूट्यूब.

तर असो. हे असं आहे. शुक्रवार असला तरी कोणत्या सणाचा आहे ते बघा, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून वाक्य पूर्ण बाहेर पडू द्या, आणि ओट्यावरच्या हंडीला हात लावण्याआधी एक फोन करा, इतकंच मला... काय फादर? पाचवा पदार्थ. हो. सांगते. त्याआधी, आत्या, बोल. बोल बाई. मघापासून हात वर करून खांदा दुखला असेल तुझा. नाही, मी मध्ये बोलणार नाही. शपथ. माइक घे हवा तर.

काय?

...थांबा, हिला नीट सांगू दे. काय म्हणतेस? नेल्सनसाठी... एक बरणी बाजूला काढली होती? बॅगेत? अगं, कुवेतला नेता येत नाही ते! "लोणचा हाय सांगनार होते." आत्या! विमानतळावर पकडलं असतं तुला! ...बरं, बरं, नाही बोलत. मग? शुक्रवारी संध्याकाळी काढलीस बॅगेतून? आणि? जोसूचा सण म्हणून जोसूला दिलीस? पप्पांना?

म्हणजे पप्पांनी खाल्लं! पप्पांना मिळालं! अगं आत्या, दोन दिवस मी उशीत तोंड खुपसून... सांगायला काय... नाही नाही, तू बोल. अजून आहे? अर्धी बरणी... माझ्यासाठी ठेवायला सांगितलीस? फ्रीजमध्ये, मटारच्या पिशवीमागे? आहे अजून? आज रविवार, आज चालतं! फादर, आज चालतं ना? बघा, मान हलवतायत, चालतं! आता थेट घरी जाते, आणि वास घेऊन घेऊन, एक एक तुकडा बघून, मी शिकते की नाही बघ—

पप्पा.

पप्पा, पंख्याकडे काय बघताय?

पप्पा, पाव कोणत्या पक्ष्यांना घातले होते?

...पूर्ण बरणी? एकट्यानं? आणि काल मी तुमच्यासमोर ढसाढसा रडत होते, तुमचे पाय धरून माफी मागत होते, तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, तेव्हा एक शब्द नाही? सांगायला काय झालं होतं? ...मोठ्यानं बोला, सगळ्यांना ऐकू द्या. "तू थांबलीस कधी?"

बरं.

लिहून घ्या. पाचवा पदार्थ, पेज. तांदूळ, पाणी, मीठ. मंगळवारनंतर आमच्याकडे तीच असेल, या हवं तर. तेवढीच मला कोणी न सांगता येते.